"सगळं कॉम्प्युटरच काढतो की!"

खानापूर, निपाणी, बेळगाव, कुठंही गेलं आणि मी गेम आर्ट (व्हिडिओ गेममधली पात्रं घडवणं) शिकते म्हटलं, की हे वाक्य ठरलेलं. माझे मामाही तेच म्हणाले होते. पण ते खरं नाही.

पहिलं सत्र माझ्या हातात बहुतेक पेन्सिलच होती. सुट्टीत गावी आले की तालमीबाहेर बसून पैलवानांची स्केचेस करायची: बैठक मारताना मांडी कुठं फुगते, लाल माती अंगाला कुठं चिकटते. ते डोळ्यात बसल्याशिवाय पात्र उभंच राहत नाही. आधी नुसती काळी आकृती भरून बघायची. ती लांबून ओळखता आली नाही, तर चेहऱ्यावर कितीही नक्षी काढा, फुकट.

मग थ्रीडी. डिजिटल शिल्पात लाखो पॉलिगॉन, म्हणजे पृष्ठभाग बनवणारे चपटे बहुकोनी तुकडे, असतात. गेम सेकंदाला 60 फ्रेम (चित्रं) दाखवणार असेल, तर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. म्हणून त्या शिल्पावर हलकी जाळी नव्यानं विणायची. कोपर, गुडघा, डोळे यांभोवती जाळीच्या ओळी चुकल्या, की हात वाकवताच कोपर चेपतं. मग शिंपी ब्लाउजची शिवण उसवून कापड पसरतो, तसं मॉडेल सपाट उलगडायचं. त्यावर बारीक सुरकुत्या नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे हलक्या जाळीवर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवायच्या आणि शेवटी रंगवायचं.

महागडं सॉफ्टवेअरच लागतं, हेही चूक. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त आणि फुकट आहे.

मामांना मी परवा स्केचबुक दाखवलं. "हा तर आपल्या तालमीतला!" म्हणाले.