बेअब्रू

बेअब्रू : चांगले नाव गमावण्याची स्थिती. नाचक्की, नामुष्की, बदनामी, अपकीर्ती हे शब्द जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत.

‘अब्रू’ म्हणजे फार्सी ‘आबरू’ : आब (पाणी, तेज) आणि रू (चेहरा). मोत्याला असते ते हे पाणी; ‘आब राखणे’ यात पहिला घटक सुटा टिकला आहे. हा शब्द बहमनी व नंतरच्या शाही राजवटींत मराठीत रुळला असावा. फार्सीत भुवईलाही ‘अब्रू’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृत ‘भ्रू’चा सगोत्र आहे, मात्र केवळ उच्चारसाम्यावरून मराठी अब्रूचे मूळ तिकडे नेता येत नाही. ‘नामोशी’, ‘नामुष्की’ यांचा उगम अधिक गुंतागुंतीचा. अरबी-फार्सी ‘नामूस’ (इभ्रत; मूळ ग्रीक ‘नोमोस’, म्हणजे नियम) हा तो बहुधा असावा, पण मग अर्थ पुरता उलटला असे धरावे लागते. तरी ‘नाम’शी सरळ जोड लावण्यापेक्षा हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बदनामी खोट्या आरोपानेही होते. नाचक्कीला चारचौघांत फसलेला बेत किंवा बढाई लागते. माघार घ्यावी लागली की नामुष्की ‘ओढवते’. बट्टा मात्र अंशतः हानी दाखवतो : नाणी बदलून देताना हिणकस नाण्यावर कापली जाणारी रक्कम म्हणजे बट्टा, त्यामुळे बट्टा लागूनही नाव काही अंशी उरते. पत गेली की उधारी बंद होते, अब्रू शाबूत असली तरी.

कायद्यात ‘अब्रुनुकसानी’ हा शब्द रूढ आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलमे ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. बोललेले व लिहिलेले असा भेद येथे नाही. आरोप तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचावा लागतो. एकांतात तोंडावर सुनावलेले यात बसत नाही. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव ठरतो, फौजदारीत मात्र ते लोकहितासाठी सांगितल्याचेही दाखवावे लागते. आरोप खरा होता एवढ्यावरच विसंबलेला बचाव तेथे अपुरा पडतो. सामान्यतः बाधित व्यक्तीने स्वतः न्यायालयात तक्रार करावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष आहे.