निखाऱ्यांवरची निळी ज्योत

15 फेब्रुवारी 2021 च्या पहाटे अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वीज जायला लागली. थंडीची लाट अशी की दुसऱ्या दिवशी डॅलसचा पारा उणे 19 अंशांवर उतरला. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरं अंधारात गेली, त्यातली काही तर दिवसचे दिवस. ह्यूस्टन-डॅलसकडे ज्यांची लेकरं आहेत, त्यांना त्या आठवड्यातले फोन अजून आठवत असतील.

टेक्सासमधल्या दहापैकी साधारण सहा घरांत उबेची सोय विजेवरच चालते. उरलेल्यांकडे बहुतेक ठिकाणी गॅसची भट्टी असते, पण तिची गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेचाच. म्हणजे नळीत गॅस असूनही घर गार! मग लोकांनी हाताला लागेल ते पेटवलं. अंगणातली कोळशाची शेगडी दिवाणखान्यात आली, जनरेटर दाराशी धडधडू लागले, कुणी गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून तिच्यात ऊब घेत बसलं. त्या लाटेत राज्याच्या मोजणीनुसार 246 माणसं दगावली. बहुतेकांना थंडीने नेलं, पण 19 जणांचा जीव कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घेतला. त्याच वायूच्या बाधेने दवाखाना गाठणारे 1,400 च्या वर होते.

आपल्याकडेही काश्मीर, हिमाचल, दिल्लीतून दर हिवाळ्यात अशी एखादी बातमी येतेच: रात्री खोलीत शेगडी ठेवली, सकाळी दार उघडलंच नाही. शेजारीपाजारी म्हणतात, ‘अहो, धूर तर अजिबात नव्हता!’ खरी मेख इथेच आहे.

लाकूड जळताना डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस उठून खिडकी उघडतो. कोळशातला धुराचा भाग तो तयार होतानाच जळून गेलेला असतो. उरतो जवळजवळ नुसता कार्बन. शेगडीच्या तळाशी हवा मिळते तिथे त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना लालभडक निखाऱ्यांतून जातो, आणि तिथे तापलेला कार्बन त्याच्यातला एक ऑक्सिजन हिसकावून घेतो. दोघांचाही होतो कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांच्या माथ्यावर नाचणाऱ्या फिकट निळ्या ज्योती तुम्ही पाहिल्या असतील. हा वायूच तिथे पेटलेला असतो. ज्योत दिसते तोवर त्याचा बराचसा भाग जळून जातो. रात्री निखाऱ्यांवर राख साठते, माथा निवतो, निळी ज्योत विझते. आत मात्र वायू तयार होतच राहतो आणि न जळता खोलीत पसरतो. शेगडी ‘शांत झाली’ असं वाटून आपण पांघरूण ओढून घेतो, आणि ती सर्वांत घातक असते नेमकी तेव्हाच.

मग आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून शेक दिला, तो कसा? त्या खोलीला वर कौलं होती, दाराला फटी होत्या. घर स्वतःच चाळणीसारखं होतं. आजच्या फ्लॅटमध्ये सरकत्या खिडक्या लावल्या की वाराही आत येत नाही. ऊब टिकवायला खिडकी बंद हवी आणि विस्तवाला ती उघडी हवी, हा पेच कुठल्याही इंधनाने सुटत नाही. तो सुटतो धुराड्याने. पहाडी घरातली बुखारी, म्हणजे ऊब देणारी बंद चूल, खोलीत जळते, पण तिचा पाइप छपराबाहेर निघालेला असतो, म्हणून ती चालते. पाइपाचे सांधे सैल झाले किंवा तोंडाशी बर्फ साठला की तिचीही शेगडीच झाली म्हणायची.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. थंडी बाधली असेल असंच वाटतं. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे चक्क फसवतो. वायू चिकटलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा 98 दाखवतो. घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर गोळी शोधत बसू नये. सगळ्यांनी आधी बाहेर पडावं. या वायूचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो. थंड मुलखात राहणाऱ्या नातेवाइकाला द्यायला मला याहून चांगली भेट सुचत नाही.

आता इंधनांकडे वळू. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो आणि शेगडीपर्यंत जायला त्याला उकळावं लागतं. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. आपल्या घरगुती गॅसमध्ये दोन्ही असतात आणि ब्युटेनचा वाटा मोठा, म्हणून लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मरते. लोक मग त्यावर गरम पाणी ओततात, गोणपाट गुंडाळतात. टेक्सासच्या अंगणात स्वयंपाकासाठी ठेवलेल्या टाक्यांत प्रोपेन असल्यामुळे त्या उणे 19 मध्येही चालल्या. ब्युटेनचे छोटे डबे अशा थंडीत गॅलरीत ठेवले तर उपयोगाचे नाहीत. डिझेलची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातलं मेण गोठतं. 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने.

रॉकेल मात्र भारी चिवट. लिटरभर रॉकेलमध्ये साडेनऊ युनिटच्या आसपास ऊर्जा असते, आणि आपल्या इन्व्हर्टरच्या 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 1.8 युनिट. म्हणजे पाच बॅटऱ्यांची उष्णता एका बाटलीत! बॅटरीवर हीटर लावायचा विचारच सोडावा. तिने दिवे, फोन आणि अलार्म सांभाळावेत. रॉकेलची एक खोड मात्र कमी जणांना ठाऊक असते: लिटरभर जाळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत येतं. धुराड्याविना जाळलं तर सकाळी भिंती ओलसर.

स्वयंपाकाला खरं तर फारसं इंधन लागत नाही. डाळ-तांदूळ आधी भिजवावेत, कुकरला शिट्टी आली की आच मंद करावी, मग गॅस बंद करून कुकर जाड कांबळ्यात गुंडाळून ठेवावा. उरलेलं काम आतली उष्णता करते. इंडक्शन वीज गेल्यावर नुसता काचेचा पाट. गॅसच्या शेगडीचा विजेचा खटका बंद पडला तरी बर्नर काडीने पेटतो, पण तिच्यावर खोली तापवू नये.

पूर्ण घर उबवायचा हट्टच महाग पडतो. शांत बसलेलं माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतं. चौघं एका लहान खोलीत बसली, दाराखालची फट गोधडीने बुजवली, की 400 वॉटचा हीटर फुकट मिळाला. अर्थात हे आत काही जळत नसेल तेव्हाच. दोन लिटर गरम पाण्याची पिशवी अंथरुणात ठेवली तर 70 अंशांवरून अंगाच्या उबेपर्यंत निवताना ती जितकी उष्णता देते, ती 80 वॉटचा हीटर तासभर लावल्याइतकी. पाणी बाहेर तापवावं, बूच घट्ट लावावं आणि पिशवी पायांशी ठेवावी.