संत तुकाराम (१९३६): चित्रपटातला वर्ग, जात आणि समाजाचे नियम

प्रभात फिल्म कंपनीचा हा मराठी बोलपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, त्याची बायको जिजाई हिच्या भूमिकेत गौरी आणि संगीत केशवराव भोळे यांचं. मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. या नोंदीत फक्त चित्रपट सतराव्या शतकातल्या देहूची उतरंड कशी दाखवतो, एवढंच बघायचंय.

आधी याला ऐतिहासिक म्हणायचं का, हा प्रश्न. त्या काळी धंद्यात पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक आणि संतपट असे वेगळे कप्पे होते आणि हा सरळ संतपटात जायचा. पण तुकाराम ही इतिहासातली व्यक्ती आहे. जन्मसाल १५६८ पासून १६०८ पर्यंत वेगवेगळं मांडलं गेलंय, सध्या १६०८ जास्त चालतं आणि अखेर १६४९ किंवा १६५० धरतात. अडचण अशी की चरित्राचा मोठा भाग संतचरित्रकार महिपतीच्या भक्तविजय (१७६२) आणि भक्तलीलामृत (१७७४) यांतून येतो, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेल्यातून, आणि चित्रपट चमत्कारांसकट त्याच वाटेने जातो. त्यामुळे सतराव्या शतकाचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही, १९३६ सालचा महाराष्ट्र सतराव्या शतकाकडे कसा बघत होता याचा पुरावा म्हणून मात्र उत्तम आहे.

सगळ्यात जास्त गुंता सालोमालोचा. चित्रपटात तो देहूचा ब्राह्मण, तुकारामाचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा आणि लोकांना त्याच्याविरुद्ध उठवणारा खलनायक. हे नाव हवेतून आलेलं नाही, गाथ्यातच 'सालोमालो हरिचे दास' असा अभंग आहे आणि दुसऱ्याच्या कवितेत आपलं नाव घुसडणाऱ्यांवरचा राग त्यात दिसतो. आता हा एक माणूस, सालो आणि मालो असे दोघं, की अशा नकलाकारांना चिकटवलेलं टोपणनाव, यावर मतं वेगळी आहेत. दोन माणसं हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. परंपरेत तुकारामाला काटेरी फांदीने मारणारा आहे मंबाजी गोसावी, तुकारामाच्या शिष्या संत बहिणाबाई यांच्या आत्मचरित्रपर अभंगांतही त्याचा जाच येतो, म्हणजे त्याच्याबद्दलचा आधार जवळच्या काळातला आहे. चित्रपटाने हा सगळा छळ बराचसा सालोमालोच्या खात्यावर टाकलाय.

याचा परिणाम साधा नाही. शूद्र मानल्या गेलेल्या तुकारामाने वेदार्थ सांगायचा की नाही हे भांडण मुळात अधिकाराचं होतं, कुणा एकाच्या वाईट स्वभावाचं नव्हतं. 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' हे तुकाराम म्हणतो तेव्हा तो सगळ्या व्यवस्थेलाच बोलतोय. चित्रपटात ढोंगी माणूस एकटाच दोषी ठरतो, वाघोलीचे रामेश्वरशास्त्री नियमाने वागणारे विद्वान म्हणून येतात आणि शेवटी भक्त होतात, त्यामुळे माणूस सुधारला की प्रश्न सुटला असं वाटतं आणि नियम तसाच राहतो. प्रभातच्याच धर्मात्मा (१९३५) मध्ये एकनाथांच्या निमित्ताने अस्पृश्यता थेट पडद्यावर आली होती, त्याचं आधीचं 'महात्मा' हे नाव सेन्सॉरमुळे बदलावं लागलं होतं. त्यामानाने हा चित्रपट मवाळ आहे.

पण सुरुवातीचा प्रसंग बघा. पागनीस 'पांडुरंग ध्यानी पांडुरंग मनी' जवळजवळ न हलता, साध्या चालीत म्हणतात आणि लगेच तेच शब्द सालोमालो नाटकी ताना घेत, हातवारे करत गातो. एका शब्दाचंही भाषण नाही आणि कळतं की प्रतिष्ठा कुणाकडे आहे आणि कविता कुणाची.

पैशाचा भाग तुटक आहे. परंपरेप्रमाणे तुकारामाच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी (बाजारपेठेचं वतन) होती, जातीने कुणबी, म्हणजे गावात पत आणि वर्णात खालचा असा तो विचित्र मधला माणूस. दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली बायको गेली. त्याने आधी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि नंतर त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या असं सांगतात. पहिलं बुडवणं सावकारी सोडण्याचं होतं, दुसरं धर्मसत्तेच्या हुकमाचं, आणि चित्रपटाचा सगळा भर दुसऱ्यावर.

पैसा खरा दिसतो तो जिजाईत. घरात दाणा नाही, म्हैस आहे, पोर तापाने फणफणलंय, आणि ही बाई मुलाला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. बायकोने नवऱ्याच्या देवाला कसं वागवावं याचा गावाचा नियम ती एका क्षणात मोडते, आणि तरी ती पतिव्रताच आहे. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा ती आणि मुलं कपडे-दागिने अंगावर घालून हरखतात आणि तुकाराम सगळं परत पाठवतो. त्याग त्याचा, उपास मात्र घराचा, हे चित्रपट न बोलता सांगून जातो. (महाराजांच्या भेटीला समकालीन आधार कमजोर आहे, काळाच्या दृष्टीने अशक्य नाही इतकंच.) गौरी प्रभातमध्ये साध्या कामगार म्हणून आल्या होत्या असं चित्रपटाच्या इतिहासांत येतं, जिजाईच्या बोलण्यातला खडखडीतपणा कदाचित तिथूनच असेल.

सालोमालोने पाठवलेली कलावंतीण मात्र एका गाण्यात पालटते, तिच्या बाजूने काही येत नाही.

गाण्यांबद्दल एक गोष्ट. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलं, पण कित्येकजण ते तुकारामाचंच समजतात, सुमारे ४६०० अभंगांच्या सरकारी गाथ्यात (१८७३) ते शोधून सापडणार नाही. कविता कुणाच्या नावावर चालते या विषयावरच्या चित्रपटाचं हे असं व्हावं हे गंमतशीरच आहे, फरक एवढाच की इथे ज्याची होती त्यानेच ती तुकारामाला देऊन टाकली.