चोकची साक्ष

स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या डोंगरांत दरवर्षी मे महिन्यात मोटरसायकलींची सहा दिवसांची एक स्पर्धा भरते. वेगाला इथे फारसा भाव नाही. ओढ्यातले गुळगुळीत गोटे, शेवाळलेले कातळ, नाकासमोर उभे राहणारे चढ असे आखून दिलेले टुकडे पाय न टेकता पार करायचे. पाय एकदा टेकला की दंडाचा १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३. पण पाय खाली असताना इंजिन बंद पडलं, तर थेट ५. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. १९६५ मध्ये सॅमी मिलर यांनी ही स्पर्धा बुलटाको या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाडीवर जिंकली आणि वजनदार ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांची सद्दी संपत आली.

आपल्या रोजच्या गाडीचं आयडलिंग म्हणजे सिग्नलला उभं असतानाची विश्रांती. ट्रायल्सच्या गाडीला मात्र तिथेच खरं काम असतं. दगडावर चढण्याआधी चालक रेस पूर्ण सोडतो, क्लच दाबून तोल धरतो आणि मग केसभर मूठ पिळतो. त्या क्षणी इंजिनाने खोकणं परवडत नाही. म्हणून या गाडीच्या कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राचा, जो भाग इतर गाड्यांत दुय्यम मानला जातो, तोच इथे मालक ठरतो.

कार्ब्युरेटरचं मुख्य तत्त्व जुनं आहे. हवा अरुंद जागेतून वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. पण ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हवेचा वेग निम्मा झाला की ओढ पावपटच उरते. रेस सोडून स्लाइड, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारी सरकती झडप, खाली बसली की मधल्या मोठ्या नळीतून पेट्रोल जवळजवळ चढतच नाही. तेव्हा गाडी जगते ती पायलट जेटवर. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड, आणि पायलट हे त्यातलं आयडलसाठीचं. त्याची वाट स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला उघडतं आणि तिथे इंजिनाची ओढ थेट पोहोचते. या जेटचं भोक साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटरचं. पाच-सात केस एका ओळीत ठेवा, झालं.

आता चोक. हे नावच मुळात फसवं आहे. जुन्या मोटारींत हवेच्या वाटेवर खरोखर एक झडप असायची. ती मिटली की कार्ब्युरेटरचा गळा आवळला जायचा आणि नाव पडलं चोक. ट्रायल्सच्या बहुतेक गाड्यांत गळा कुणी आवळत नाही. तिथे शेजारीच एक चिमुकला, वेगळा कार्ब्युरेटर असतो: त्याचं स्वतःचं जेट, स्वतःची हवेची वाट आणि वर-खाली होणारा एक दट्ट्या. आपल्याकडच्या आरएक्स १०० चा चोकही याच जातीचा. दट्ट्या उचलला की वाट उघडते आणि छोट्या विहिरीत साठलेलं पेट्रोल पहिल्या किकला भसकन आत जातं. पुढचा पुरवठा जेट मोजून देतं.

एवढं पेट्रोल कशासाठी? पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, पण जळते ती वाफ, थेंब नव्हेत. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपास उकळू लागतात, तर जडांना २०० अंशांच्या जवळपास जावं लागतं. थंड इंजिनात हलक्यांचीच काय ती वाफ होते, बाकीचं भिंतींना ओलं चिकटून राहतं. म्हणून जास्त ओतायचं, म्हणजे पुरेशी वाफ मिळेल. आणि हो, चोक ओढून किक मारताना रेस देऊ नका. स्लाइड उघडली की तिच्यामागची ओढ मोडते आणि चोकचं जेट उपाशी राहतं. बरेच जण नेमकं हेच करतात आणि मग घाम पुसत गाडीला शिव्या देतात.

चोक फक्त गाडी सुरू करण्यासाठी असतो, हा मात्र गैरसमज. तो उत्तम साक्षीदार आहे. गाडी पाच मिनिटं चालवून गरम करा, आयडलवर सोडा आणि चोक अलगद उघडा. धडधाकट गाडी लगेच कुरकुरते, घरघरते, बंद पडायला बघते. तिला जास्तीचं पेट्रोल नकोच असतं. पण चोक उघडल्यावर आवाज उलट सुधारला, तर ती उपाशी आहे: पेट्रोल कमी येतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. काहीच फरक पडला नाही, तर चोकचं जेट तरी तुंबलंय किंवा दट्ट्या आधीपासूनच उघडा राहिलाय. दट्ट्याच्या तळाशी एक रबरी बूड असतं. ते झिजलं, त्याखाली वाळूचा कण बसला किंवा केबल ताणलेली राहिली, तर चोक ‘बंद’ असूनही पेट्रोल झिरपत राहतं. मग प्लग काळा पडतो, धूर येतो, आणि मेस्त्री बिचारा पायलट जेट बदलत बसतो.

उपाशी गाडीचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तुंबलेलं पायलट जेट. टू-स्ट्रोक ट्रायल्सच्या गाडीत पेट्रोलमध्येच एक-दोन टक्के ऑइल मिसळलेलं असतं. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे उरतं आणि त्या बारीकशा भोकात चिकटा धरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणीही ओढतं. तेव्हा गाडी ठेवून देण्याआधी वाटी रिकामी करणं हे कुठल्याही महागड्या फवाऱ्यापेक्षा भारी. जेट साफ करताना तार खुपसू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग जन्मभर मिश्रण बिघडतं. क्लीनर मारा, हवा मारा आणि जेट उजेडाकडे धरून पाहा: आरपार गोल ठिपका दिसला पाहिजे. जेट स्वच्छ असूनही गाडी सुधारली नाही तर कार्ब्युरेटरच्या अंगातली पुढची वाट तुंबलेली असते. तीही फुंकून काढायची.

आता स्क्रूंकडे. मोठा स्क्रू स्लाइड उचलतो, छोटा मिश्रण ठरवतो. छोटा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की मिश्रण घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, आणि दिशा उलटी. सुरुवात साधारण दीड फेरा बाहेर ठेवून करा, गरम इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवा आणि आयडल सर्वांत चढेल ती जागा शोधा. हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेल्यावरच गाडी नीट चालत असेल, तर पायलट जेट लहान पडतंय. तीन फेरे बाहेर काढावा लागत असेल तर मोठं. स्क्रू कुठेही फिरवून इंजिनाला फिकीरच नसेल, तर दोष स्क्रूचा नाही.

यात एक लबाडी हमखास होते. तुंबलेल्या जेटमुळे गाडी बंद पडते, म्हणून मोठा स्क्रू पिळून स्लाइड उचलली जाते. गाडी चालू राहते, सगळे खूश. पण रेस सोडल्यावर आवाज खाली यायलाच तयार नसतो, आणि उतारावर गाडी चालकाला पुढे ढकलत राहते. दुखणं तसंच, वर एक नवीन.

ट्रायल्सच्या गाड्या दिवसातून दहा वेळा पडतात. आडव्या पडल्या की वाटीतलं पेट्रोल इंजिनात शिरतं आणि प्लग भिजतो. त्यावेळी चोक पूर्ण बंद, मूठ पूर्ण उघडी, आणि किक. बजाजची स्कूटर तिरकी करून मग किक मारणाऱ्या पिढीला हे उलटं वाटेल.

एवढं करूनही आयडल स्थिर नसेल, स्वतःहून चढत-उतरत असेल, तर कार्ब्युरेटरला सोडा. इंजिनाला जोडणाऱ्या रबरी नळीला बारीक भेगा पडल्यात का ते वाकवून बघा. नंतर क्रँकची, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची, ऑइल-सील: हवा आणि तेल अडवणारी रबरी कडी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या, बाजूची सील गेली की तिथून हवा शिरते आणि गाडी उपाशी वागते. क्लचच्या बाजूची गेली की हवेऐवजी गिअरचं ऑइल ओढलं जातं. गाडीखाली एक थेंबही सांडलेला नाही आणि तरी गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय, तर कार्ब्युरेटर परत बसवा आणि क्लचचं कव्हर उघडा.