अल्बर्ट हॉलचा आवाज चित्रफितीत कुठे असतो?

क्रीम या ब्रिटिश रॉक त्रिकुटाचा निरोपाचा कार्यक्रम २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला आणि तो बीबीसीसाठी चित्रित झाला. पुढे मे २००५ मध्ये एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर हे तिघे त्याच रंगमंचावर पुन्हा एकत्र आले, आणि तेही कार्यक्रम चित्रित झाले. मधल्या काळात, नेमकं सांगायचं तर १९६९ मध्ये, त्या सभागृहाच्या घुमटाखाली फायबरग्लासच्या १३५ मोठाल्या थाळ्या टांगल्या गेल्या. खालून पाहिलं की त्या उलट्या उगवलेल्या भूछत्रांसारख्या दिसतात आणि त्यांचं टोपणनावही 'मशरूम' असंच पडलं आहे.

तीच माणसं, तीच वास्तू आणि मध्ये छताचा एवढा मोठा बदल! ध्वनिशास्त्राची आवड असलेल्या माणसाला आणखी काय हवं? 'या दोन चित्रफिती लागोपाठ ऐका, भूछत्रांनी सभागृहाचा आवाज किती सुधारला ते कळेल,' असं सांगणारे मला अनेकदा भेटले आहेत, आणि बरीच वर्षं माझाही तसाच समज होता. फरक तर खरोखरच ऐकू येतो. १९६८ चा आवाज चेपलेला आणि गढूळ आहे, २००५ चा स्वच्छ आहे. पण त्या फरकात भूछत्रांचा वाटा जवळजवळ नाही. तो का नाही हे समजून घेताना अल्बर्ट हॉलमधला प्रतिध्वनी आणि माइकचं काम, या दोन्ही गोष्टी उलगडतात.

सुरुवात प्रतिध्वनीपासून करू. सभागृहाचं उद्घाटन २९ मार्च १८७१ रोजी झालं. युवराज एडवर्ड यांचं भाषण सभागृहाच्या काही भागांत चक्क दोनदा ऐकू आलं. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत हा दोष घालवण्याचे अनेक प्रयत्न झाले. आधी घुमटाखाली प्रचंड कापडी छत ताणलं गेलं, १९४९ मध्ये ते काढून पन्हळी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बसवले गेले. प्रतिध्वनी काही हटला नाही. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दुसऱ्यांदा ऐकायला मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे अल्बर्ट हॉल, असा विनोद तिथे रूढ झाला होता.

शाळेत आपण शिकलो की मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत ०.१ सेकंदाचं अंतर असेल तरच प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर हवी. हे ढोबळमानाने ठीक आहे, पण कानाचं खरं वागणं याहून कितीतरी सुरस आहे. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ग्योटिंगेनमध्ये याचा अभ्यास केला. एकच बोलणं त्यांनी दोन ध्वनिवर्धकांतून ऐकवलं, दुसऱ्यातून किंचित उशिरा. उशीर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर ऐकणाऱ्याला दुसरा आवाज वेगळा जाणवतच नाही. तो पहिल्यात मिसळतो, आवाज भरदार होतो, आणि सगळा आवाज पहिल्या ध्वनिवर्धकातूनच येतो आहे असं वाटतं. उशीर १० ते २० मिलिसेकंद असेल, तर दुसऱ्याची ऊर्जा पहिल्याच्या दहापट असली तरीही! मेंदू आधी पोहोचलेल्या आवाजाला मान देतो आणि मागून आलेल्यांना त्याच्या पदरात टाकतो. उशीर वाढत गेला की हा समझोता मोडतो. टाळीसारख्या तुटक आवाजाला तो लवकर मोडतो, बोलण्याला सुमारे ५० मिलिसेकंदांवर, आणि लांब सुरांच्या संगीताला त्याहून उशिरा.

आता अल्बर्ट हॉलचा हिशेब मांडा. घुमट जमिनीपासून सुमारे ४० मीटर उंच. रंगमंचावरून निघालेला आवाज वर जाऊन खाली यायला ८० मीटर चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर याला ०.२३ सेकंद लागतात. रंगमंचापासून २५ मीटरवर बसलेल्या श्रोत्याला थेट आवाज ०.०७ सेकंदात मिळालेला असतो. फरक १६० मिलिसेकंद. कोणताही कान इतका उशीर माफ करणार नाही.

पण उंच छत इतर सभागृहांतही असतं. छत सपाट असतं, तर ८० मीटर चालून आलेल्या आवाजाची तीव्रता २५ मीटरवाल्याच्या दहाव्या हिश्शाइतकी उरली असती, कारण तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अल्बर्ट हॉलचं छत मात्र घुमट आहे, म्हणजे आवाजासाठी अंतर्वक्र आरसा. इथे दहावीचं आरशाचं सूत्र जसंच्या तसं लागू पडतं, आणि मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

जमिनीपासून घुमटाची उंची 'उ' आणि घुमटाची वक्रता त्रिज्या 'त्र' समजा. आवाजाचा उगम जमिनीवर आहे, म्हणजे आरशापासून 'उ' अंतरावर. त्रिज्या उंचीइतकीच असेल, तर उगम वक्रता केंद्रावर येतो आणि परावर्तित आवाज पुन्हा तिथेच, जमिनीवर, एकवटतो. श्रोत्यांसाठी याहून वाईट काही नाही. त्रिज्या उंचीच्या दुप्पट असेल, तर उगम नाभीवर येतो आणि परावर्तित किरण समांतर होतात. एकवटणं संपलं, तरी जमिनीवर आवाज सपाट छताच्या चौपट तीव्र येतो. आता गंमत पाहा. त्रिज्या उंचीच्या निम्मी ठेवली, म्हणजे घुमट जास्त खोल केला, तर आवाज छताखाली 'उ' भागिले ३ एवढ्या अंतरावर, हवेतच एकवटतो. तिथून पुढे तो पुन्हा पसरू लागतो आणि जमिनीपर्यंत येताना बरोबर सपाट छताइतकाच पसरलेला असतो. सूत्रात किमती घालून हे कुणीही पडताळून पाहावं. म्हणूनच सभागृहाचा घुमट एकतर खूप खोल असावा किंवा खूप उथळ; मधल्या वक्रतेत संकट असतं. अल्बर्ट हॉलचा लंबवर्तुळाकार आराखडा यात आणखी भर घालतो, कारण तिथे भिंतीही अंतर्वक्र आहेत.

घुमटाखाली 'सकारात्मक ऊर्जा' एकवटते असा प्रचार करणारे लोक असतात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घुमटाखाली एकवटतो तो ध्वनी. त्याचं गणित शाळेच्या पुस्तकात आहे, आणि अल्बर्ट हॉलमध्ये हे एकवटणं वरदान ठरण्याऐवजी जवळजवळ शंभर वर्षं डोकेदुखी ठरलं. कोणती ऊर्जा, किती, कशाने मोजली, या प्रश्नांना ज्याच्यापाशी उत्तर नाही त्याने ऊर्जा हा शब्द वापरू नये.

भूछत्रांनी काय केलं, ते आता सहज समजेल. त्यांची खालची बाजू फुगीर, म्हणजे बहिर्वक्र आहे. खालून आलेला आवाज घुमटापर्यंत पोहोचायच्या आत त्यांच्यावर आपटतो, लवकर परततो आणि परतताना सगळीकडे विखुरतो. उशीरही कमी आणि एकवटणंही नाही. पुढे २००१ मध्ये त्यांची संख्या १३५ वरून ८५ वर आणून मांडणी बदलली गेली. यातही एक मर्यादा आहे. थाळी दोन-तीन मीटर व्यासाची, आणि १०० हर्ट्झच्या खर्ज आवाजाची तरंगलांबी ३.४ मीटर. आपल्याहून लहान अडथळ्याला तरंग सहसा जुमानत नाही, वळसा घालून पुढे जातो. त्यामुळे भूछत्रांचं खरं काम मधल्या आणि वरच्या स्वरांत चालतं. सुदैवाने तुटक, टोचणारा प्रतिध्वनीही तिथलाच असतो.

मग क्रीमच्या चित्रफितींत हा बदल का सापडत नाही?

प्रत्येक सभागृहात एक अंतर असं असतं, की त्याच्या आत थेट आवाज वरचढ असतो आणि त्याच्या बाहेर परावर्तनांतून साचलेला निनाद. याला क्रांतिक अंतर म्हणू. ते सभागृहाचं घनफळ आणि निनादकाल यांवरून काढता येतं. आवाज ६० डेसिबलने, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात दहा लाख पटींनी, उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९० च्या दशकात ऑर्गनची नळी, घड्याळ आणि नाट्यगृहातून उचलून आणलेल्या आसनांच्या गाद्या एवढ्या साधनांवर त्याचा नियम शोधला. अल्बर्ट हॉलचं घनफळ सुमारे ८६ हजार घनमीटर, बॉस्टनच्या सिंफनी हॉलच्या साडेचार पट. श्रोत्यांनी भरलेला असताना त्याचा निनादकाल सुमारे २.४ सेकंद येतो. घनफळाला निनादकालाने भागा, वर्गमूळ काढा, ०.०५७ ने गुणा. सगळ्या दिशांना सारखा आवाज देणारा उगम धरला, तर उत्तर येतं ११ मीटर.

म्हणजे त्या पाच हजारांहून अधिक आसनांपैकी बहुतेक आसनांवर बसलेला माणूस वाद्यापेक्षा सभागृहच जास्त ऐकत असतो. तीच वास्तूची ओळख, आणि तिच्यासाठीच तिकीट काढायचं.

रॉक कार्यक्रमात गिटारच्या ध्वनिवर्धकासमोरचा माइक किती लांब असतो? समजा १० सेंटिमीटर. ११ मीटरच्या एकशे दहाव्या भागावर. तिथे थेट आवाज निनादाच्या एकशे दहाच्या वर्गाइतका, सुमारे बारा हजार पट वरचढ! त्या माइकला अल्बर्ट हॉल काय आणि गच्च पडदे लावलेली खोली काय, दोन्ही सारखीच. घुमटावरचा प्रतिध्वनी, हासचे मिलिसेकंद, १३५ भूछत्रं, हे सारं त्या बारा हजारातल्या एका भागात दडलेलं असतं. १९६८ आणि २००५ यांतला जो फरक आपल्याला ऐकू येतो, तो माइकांचा, ध्वनिमुद्रण यंत्रांचा आणि मिश्रणाचा. १९७४ मध्ये लता मंगेशकर यांनी याच सभागृहात गायलेल्या गाण्यांची रेकॉर्ड कितीतरी घरांत जपली गेली आहे. तिच्यातही दोन गाण्यांमधल्या टाळ्यांत सभागृह जितकं ऐकू येतं तितकं गाण्यात येत नाही.

याचा एक भक्कम पुरावा अपघाताने मिळाला आहे. बॉब डिलनच्या १९६६ च्या एका मैफलीचं चोरटं ध्वनिमुद्रण 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावाने वर्षानुवर्षं हातोहात फिरलं. प्रत्यक्षात ते १७ मे १९६६ चं, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधलं होतं. १९९८ मध्ये अधिकृत प्रकाशन झालं तेव्हा जुनं नाव अवतरणचिन्हांत टाकावं लागलं. दोन्ही सभागृहांच्या आकारात इतका फरक असूनही ध्वनिमुद्रण ऐकताना ती चूक सहजासहजी खटकत नव्हती. म्हणून 'ऐका आणि थेट अल्बर्ट हॉलमध्ये बसल्याचा अनुभव घ्या' अशा जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही. निनाद नंतर यंत्राने मिसळता येतो, आणि तो कोणत्याही सभागृहाचा असू शकतो.

चित्रणात आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे उशीर. ४० मीटरवरच्या श्रोत्याला ढोलावरची काठी आधी दिसते आणि आवाज ११७ मिलिसेकंदांनी येतो. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात या जवळजवळ तीन चौकटी झाल्या. चित्रफितीत मात्र कॅमेरा कुठेही असो, आवाज चित्राबरोबर जुळवलेला असतो. दूरचित्रवाणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत नोंद आहे, की आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते कळू लागतं, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. आपण सारे आयुष्यभर प्रकाश आधी आणि ध्वनी मागून असंच जगत आलो आहोत, त्यामुळे मागे राहिलेल्या आवाजाला मेंदू सांभाळून घेत असावा असं मला वाटतं. श्रोत्यांच्या दिशेने लावलेले माइकही असेच उशिरा ऐकतात. त्यांचा आवाज जवळच्या माइकांशी जुळवताना ध्वनिमुद्रकाला काळ पुढेमागे सरकवावा लागतो.

वाद्यवृंदाच्या चित्रणात परिस्थिती बरी असते. तिथे मुख्य माइक वादकांच्या डोक्यावर काही मीटर उंच टांगलेले असतात, क्रांतिक अंतराच्या जरा जवळ. १९४१ पासून अल्बर्ट हॉलमध्ये भरणाऱ्या प्रॉम्स महोत्सवाच्या प्रक्षेपणांत म्हणून वास्तू थोडीफार ऐकू येते. पण सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे तिथला ऑर्गन. हेन्री विलिस यांनी १८७१ मध्ये उभारलेल्या त्या वाद्याला आज ९,९९९ नळ्या आहेत, आणि प्रत्येक नळीसमोर १० सेंटिमीटरवर माइक ठेवणं कुणालाच शक्य नाही. त्याचं चित्रण मिळवा, कानाला हेडफोन लावा. शेवटचा जोरकस स्वरमेळ सुटतो तेव्हा वादकाच्या हातांकडे लक्ष ठेवा. हात पट्ट्यांवरून उचलले गेले की मोजायला लागा. पहिली टाळी पडेपर्यंत दोन-तीन सेकंद जे हवेत विरत जातं, ते अल्बर्ट हॉल आहे.