अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आणि मेंदू

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि त्याची कृत्रिम भावंडे. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल ही त्यांतली परिचित नावे. दम्यावर किंवा सांधेदुखीवर डॉक्टर देतात ती स्टेरॉइड निराळी. महाराष्ट्रातल्या काही जिममध्ये चोरून विकले जाणारे मेफेन्टर्मिनचे इंजेक्शनही स्टेरॉइड नव्हे. ते रक्तदाब वाढवणारे उत्तेजक औषध आहे.

निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. जिममधल्या ‘सायकल’मध्ये, म्हणजे काही आठवडे सलग औषध घेण्याच्या फेरीत, आठवड्याला ५०० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त टोचले जाते. ही द्रव्ये मेदात विरघळणारी असल्यामुळे रक्तातून सहज मेंदूत शिरतात. संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणारा हायपोथॅलॅमस, भीती आणि रागाशी निगडित अमिग्डाला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या सगळ्या भागांत त्यांचे ग्राहक (ही द्रव्ये जिथे चिकटून परिणाम करतात ते रेणू) असतात.

स्टेरॉइड म्हटले की लोकांना आधी आठवतो तो संताप. तो खरा आहे, पण सरसकट नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५० पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिले गेले. ४२ जणांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही, सहा जणांत सौम्य आणि दोघांत ठळक उन्मादी (अतिउत्साह, चिडचिड अशी) लक्षणे दिसली. कोणाचा तोल जाईल, हे आधी ओळखता आले नाही. शिवाय जिममध्ये एका वेळी दोन-तीन औषधे आणि याहून मोठ्या मात्रा चालतात, त्यामुळे हे आकडे दिलासा म्हणून वाचू नयेत.

वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे चित्र अधिक गंभीर आहे. नॉर्वेतील २०१७ च्या एमआरआय अभ्यासात स्टेरॉइड घेणाऱ्या ८२ आणि न घेणाऱ्या ६८ वजन उचलणाऱ्यांची तुलना झाली. घेणाऱ्यांच्या मेंदूचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, पातळ आणि चेतापेशींनी भरलेल्या करड्या द्रव्याचे आकारमान कमी आढळले. अशा तुलनेतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी दीर्घकाळ घेणाऱ्यांची दृश्य-अवकाशीय स्मृती (आकार आणि जागा लक्षात ठेवण्याची क्षमता) कमजोर असल्याचे निष्कर्षही याच दिशेला बोट दाखवतात.

खरा घात मात्र सुई थांबल्यावर होतो, आणि त्याबद्दल जिममध्ये फारच कमी बोलले जाते. बाहेरून एवढे संप्रेरक येत असल्याने हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे बंद करतात. औषध थांबते, पण हे संदेश लगेच सुरू होत नाहीत. कालपर्यंत पहाटे पाचला जिम गाठणाऱ्या मुलाला नऊ वाजले तरी अंथरुणातून उठवत नाही. कामेच्छा जाते, बाहीत घट्ट बसणारा टी-शर्ट सैल पडतो आणि तो आरशासमोर जायचे टाळतो. घरचे त्याला आळस म्हणतात. हे नैराश्य आत्महत्येच्या विचारांपर्यंत जाऊ शकते. त्यातून सुटायला तो पुन्हा सायकल सुरू करतो. घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत असे अवलंबित्व निर्माण होत असल्याचा अंदाज आहे. त्यामागे केवळ शरीरसौष्ठवाचे वेड नसते: ज्यांना आरशाशी काही देणेघेणे नाही असे हॅमस्टरही प्रयोगात थेट मेंदूत सोडले जाणारे टेस्टोस्टेरॉन स्वतःहून घेत राहिले.

अशा रुग्णाला संप्रेरकतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांची गरज असते. काय घेतले, किती आणि शेवटची सुई कधी, हे त्याने न लपवता सांगितले तर टेस्टोस्टेरॉन आणि पीयूषिका ग्रंथी वृषणांना ज्यांतून संदेश पाठवते ती एलएच व एफएसएच ही संप्रेरके यांच्या रक्ततपासणीचा नीट अर्थ लावता येतो. शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक.