सोनबोटाची किंमत सहा शिलिंग

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, केंटमध्ये, इसवी सन 600च्या सुमारास एथेलबर्ट राजाने कायदा लिहून घेतला. जुन्या इंग्रजीतला आपल्या हाती आलेला हा सर्वांत जुना कायदा. मारामारीत कोणाचा कुठला अवयव तुटला तर किती भरपाई द्यायची, याचं त्यात चक्क दरपत्रक आहे. अंगठ्याला 20 शिलिंग, मधल्या बोटाला 4, करंगळीला 11. आणि करंगळीशेजारच्या बोटाला 6. या बोटाचं कायद्यातलं नाव ‘गोल्डफिंगर’, म्हणजे सोनबोट. अंगठीचं बोट ना! आपणही अंगठी त्याच बोटात घालतो आणि म्हणतो मात्र त्याला अनामिका, बिननावाची.

सोनबोटापेक्षा करंगळी महाग कशी? करंगळी वर उचलून धरा आणि भरलेली बादली उचलून बघा. पकड लगेच ढिली पडते. तलवारीच्या जमान्यात याची किंमत नक्कीच कळत असणार. शिलिंग म्हणजे तेव्हा सोन्याचं एक वजन होतं, साधारण 1.3 ग्रॅम, आपल्या सोनाराच्या भाषेत मासाभराहून थोडं जास्त. एका सोनबोटाला पाऊण तोळाही पडत नव्हता.

‘गोल्ड’ हा शब्द मात्र या कायद्याहून कितीतरी जुना. त्याचं मूळ ‘चमकणारं, पिवळं’ अशा अर्थाच्या एका धातूत आहे. धातू म्हणजे व्याकरणातला. त्याच मुळातून जुन्या इंग्रजीत ‘येओलु’ आला, आजचा ‘यलो’. आणि पित्ताला ‘गेअल्ला’, आजचा ‘गॉल’. आपल्याकडे त्याच मुळातून संस्कृतात हिरण्य, हरित आणि हरिद्रा आले. हरिद्रेची झाली हळद. म्हणजे इंग्रजांचं सोनं आणि आपल्या फोडणीतली हळद ही लांबची भावंडं.

ही ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती वाटली तर दुसऱ्या जोड्या बघा. संस्कृतात जिथे ‘ह’, तिथे पुष्कळदा इंग्रजीत ‘ग’ किंवा त्याचा घासून झालेला ‘य’: हंस आणि गूस, ह्यस् म्हणजे काल आणि यस्टरडे. एखादी जोडी योगायोगाने जुळेल. पण एकच अदलाबदल शब्दामागून शब्दात दिसली की भाषाशास्त्रज्ञ तिला नियम म्हणतात.

नाव रंगावरून पडलं, पण तो रंग येतो कुठून? सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. मग सापेक्षतेचा परिणाम दिसू लागतो, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात आणि सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. उरतो तो पिवळा. चांदीत हा परिणाम बराच कमी, म्हणून ती पांढरी.

आता ‘सोनेरी’. जुन्या इंग्रजीत त्याला ‘ग्यूल्डेन’ म्हणत. पुढच्या अक्षरातल्या ‘इ’ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं, म्हणून ‘गोल्ड’चा स्वर तिथे बदलला. फॉक्सची मादी व्हिक्सन होते ती याच ओढीने. पुढे लोकांनी ‘गोल्ड’वरून सरळ ‘गोल्डन’ बनवलं आणि तो ओढलेला स्वर ‘इ’ होऊन उरला मुलामा चढवण्याच्या ‘गिल्ड’, ‘गिल्ट’ या शब्दांत. गिलिटाचे दागिने म्हणताना आपणही तोच स्वर उच्चारतो.

कवींनी तर सोन्याचे शब्द ढिगाने घडवले. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात उदार राजा ‘गोल्डविने’, सोन्याचा मित्र. नटलेली राणी ‘गोल्डह्रोडेन’, सोन्याने मढलेली. आणि खजिन्यावर वेटोळं घालून बसलेला ड्रॅगन ‘गोल्डवेअर्ड’, सोन्याचा राखणदार. गुप्तधनावरचा आपला नाग आठवला ना? मला स्वतःला ‘गोल्डविने’ आवडतो: सोनं साठवून नव्हे, वाटून माणूस राजा ठरतो.

सोन्याच्या रंगाची हौस सोनारांनाही होती. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या एका शेतात 2009 साली मेटल डिटेक्टरला सातव्या शतकाच्या आसपासचं सुमारे 4 किलो सोनं लागलं. तलवारींच्या मुठींवरचे तुकडेच जास्त. तपासणीत दिसलं की बऱ्याच तुकड्यांत आतलं सोनं हिणकस, चांदीमिश्रित आहे, पण वरच्या अगदी पातळ थरात चांदी कमी. सोनारांनी पृष्ठभागावरची चांदी मुद्दाम काढून टाकली होती. वजन तेच, झळाळी मात्र चोख सोन्याची. फसवणूक म्हणा किंवा कसब.

शेवटचा शब्द ‘गोल्डहोर्डहूस’. शब्दशः सोन्याच्या साठ्याचं घर. अर्थ? शौचकूप! त्या काळी कोणी थट्टेने हे नाव पाडलं असेल असं मला वाटतं. पण शेतकऱ्याला विचारलं तर तो हसणार नाही. मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत सोनखतच म्हणतात.